तास मोजले, पण करिअर कुणी मोजलं?

मागच्या वर्षी सिनॉप्सिस लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं: अमेरिकेतल्या शहरांनी कामगार संघटनांशी करार करून आणि स्थानिक भरतीची अट घालून गरीब वस्त्यांतल्या लोकांसाठी बांधकाम क्षेत्रातली करिअर खुली केली. वाक्य गुळगुळीत होतं आणि खाली चार अहवालांचे संदर्भही होते. गाइडनी 'करिअर' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि समासात दोनच शब्द लिहिले: 'कुठला कॉलम?'

मी चारही अहवाल परत काढले आणि तक्ते एकेक करून बघितले. तासांचे कॉलम होते, टक्क्यांचे होते, पिनकोडचे होते, डॉलरचेही होते. करिअरचा कॉलम एकाही तक्त्यात नव्हता. म्हणजे मी जे सिद्ध झालं म्हणून लिहिलं, ते कुणी मोजलंच नव्हतं. अहवालांच्या शीर्षकांतून आणि प्रस्तावनांमधून तो शब्द माझ्या वाक्यात येऊन बसला होता.

तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, काहींचं लिटरेचर रिव्ह्यू सुरू आहे. म्हणून हा विषय घेतला. बांधकाम तुमचा विषय नसला तरी चालेल. एखादं धोरण चांगलं आहे असं मनापासून वाटत असताना त्याच्या बाजूचा पुरावा कडक नजरेने कसा वाचायचा, हे इथे फार स्वच्छ दिसतं.

आधी करार म्हणजे काय ते

प्रोजेक्ट लेबर अॅग्रीमेंट हा एका मोठ्या प्रकल्पापुरता केलेला करार असतो. पुढे मी त्याला नुसतं 'प्रकल्प-करार' म्हणेन. एका बाजूला प्रकल्पाचा मालक किंवा मुख्य कंत्राटदार, दुसऱ्या बाजूला त्या भागातल्या सगळ्या बांधकाम संघटना: सुतार, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, लोखंडकाम करणारे, बिगारी. काम सुरू होण्याआधीच मजुरी, पाळ्या, तक्रार निवारण ठरतं. संघटना संप करणार नाही म्हणतात, कंत्राटदार टाळेबंदी करणार नाही म्हणतो.

कामगार नेमण्याआधीच संघटनेशी करार कसा काय करता येतो, असा प्रश्न पडेल. एरवी तिथे संघटनेला आधी कामगारांचा बहुमताचा पाठिंबा दाखवावा लागतो. बांधकामात कामं थोड्या दिवसांची आणि माणसं सतत बदलणारी, म्हणून 1959 च्या दुरुस्तीने कामगार कायद्यात खास सवलत आली. सरकारी प्रकल्पांवर असा करार लादता येतो का, हा वाद बॉस्टन बंदराच्या सफाईच्या प्रकल्पावरून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1993 मध्ये न्यायालयाने एकमताने करार वैध ठरवला. युक्तिवाद असा की इथे सरकार नियम करणारं म्हणून वागत नाहीये. बांधकाम विकत घेणारं एक गिऱ्हाईक म्हणून वागतंय आणि गिऱ्हाइकाला आपल्या अटी घालता येतात.

आता भरतीचा भाग, कारण सगळी मेख तिथेच आहे. संघटित बांधकामात कंत्राटदार गेटवर माणसं घेत नाही. तो संघटनेच्या हायरिंग हॉलला कळवतो की सोमवारी सहा सुतार पाहिजेत. हॉलमध्ये बेकार सदस्यांची पाळी लावलेली यादी असते, तिच्यातून नावं जातात. यादीत नाव यायचं तर आधी सदस्यत्व हवं, आणि त्याचा नेहमीचा रस्ता म्हणजे अप्रेंटिसशिप. ती तीन ते पाच वर्षांची असते, वर्ग आणि प्रत्यक्ष काम दोन्ही, मजुरी टप्प्याटप्प्याने वाढत जाते. पुरी केली की माणूस जर्नीमन होतो, म्हणजे पूर्ण मजुरीचा पक्का कारागीर. करिअर म्हणतात ते हेच.

हा दरवाजा बराच काळ काळ्या लोकांसाठी आणि बायकांसाठी जवळजवळ बंदच होता. ओळखीने, नात्याने आत जायचं. म्हणून 1969 मध्ये निक्सन सरकारने फिलाडेल्फिया योजना आणली आणि सरकारी पैशातल्या कामांवर काही धंद्यांसाठी अल्पसंख्याक कामगारांची उद्दिष्टं ठरवली. त्यानंतर बॉस्टनने 'शहराचा रहिवासी' हा निकष पुढे आणला: 1979 मध्ये महापौरांचा आदेश आणि 1983 मध्ये वटहुकूम. त्यात तासांपैकी 50 टक्के शहरवासीयांकडे, 25 टक्के अल्पसंख्याकांकडे, 10 टक्के स्त्रियांकडे. पुढे ओकलंड बंदर, लॉस एंजेलिसचं शाळा मंडळ आणि तिथलीच मेट्रो यांनी हे दोन धागे एकत्र विणले. संघटनांना कामाची हमी मिळाली आणि बदल्यात संघटनांनी ठरावीक वस्त्यांतल्या लोकांना यादीत पुढे पाठवायचं कबूल केलं.

सौदा म्हणून मला हा आवडतो, ते आधीच सांगून टाकते. कारण पुढे मी त्याच्या बाजूच्या पुराव्यावर टीका करणार आहे. आपल्याला आवडणाऱ्या गोष्टीचा पुरावा वाचताना आपला हात सैल होतो, हे माझंच उदाहरण सांगतं.

'स्थानिक' म्हणजे नेमका कोण?

आपल्या कानांना 'स्थानिक' म्हटलं की लगेच भूमिपुत्र आठवतो, मग भाषा, अधिवास, 80 टक्क्यांचा मुद्दा. तो अर्थ घेऊन हे साहित्य वाचलंत तर चुकाल. तिथे व्याख्या पिनकोडची आहे, आणि ती तशी का आहे हे कोर्टाच्या निकालांतून कळतं.

1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बॉस्टनचा रहिवासी-आदेश राज्यघटनेतल्या आंतरराज्य व्यापाराच्या कलमाच्या कसोटीवर टिकवला. पण पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहराच्या 40 टक्क्यांच्या अटीबद्दल न्यायालय म्हणालं की दुसऱ्या राज्यातल्या नागरिकांच्या समान हक्कांची कसोटीही इथे लागू होते. त्यात केंद्राचा पैसा असेल तर भौगोलिक पसंतीला वाहतूक खात्याच्या नियमांची आडकाठी होती. 2015 मध्ये प्रायोगिक सूट आली, 2017 मध्ये ती मागे घेतली, आणि 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्याने पुन्हा वाट मोकळी केली.

म्हणून लॉस एंजेलिस मेट्रोने 2012 मध्ये काय केलं बघा. अट अशी: 40 टक्के तास आर्थिकदृष्ट्या मागास पिनकोडमधल्या कामगारांचे, 20 टक्के अप्रेंटिसांचे, 10 टक्के 'वंचित' कामगारांचे. आणि मागास पिनकोड म्हणजे उत्पन्नाच्या निकषात बसणारा देशातला कुठलाही पिनकोड. कागदावर हे स्थानिक भरतीचं धोरणच नाही! व्यवहारात कामावर येणारे बहुतेक आसपासचेच असणार, हे गृहीत.

'वंचित' या गटाची व्याख्याही पूर्ण वाचा. त्यात नऊ अडचणींची यादी आहे: बेघर असणं, तुरुंगवास झालेला असणं, एकट्याने मूल वाढवणं, शाळा पुरी न होणं, बराच काळ बेकार असणं, फॉस्टर केअरमधून बाहेर पडलेलं असणं वगैरे. त्याच यादीत 'अप्रेंटिसशिपचे 15 टक्क्यांहून कमी तास झालेला' हाही निकष आहे. बेघर असणं आणि नुकतंच शिकाऊ म्हणून लागलेलं असणं या दोन फार वेगळ्या अवस्था. अहवालात मात्र शेवटी एकच टक्केवारी येते. ती वाढली तर नेमकं कोण आत आलं, हे तिच्यावरून कळत नाही.

तेव्हा पहिला धडा: गोषवाऱ्यात जो शब्द आहे त्याची व्याख्या मूळ करारात जाऊन वाचायची. अहवालात नाही, करारात.

सॅन फ्रान्सिस्कोने काय बरोबर केलं

सॅन फ्रान्सिस्कोत अनेक वर्षं 50 टक्क्यांचं उद्दिष्ट होतं, पण अट फक्त 'प्रामाणिक प्रयत्न' करण्याची. कंत्राटदाराने चार पत्रं पाठवली, दोन फोन केले, झाले प्रयत्न. प्रत्यक्षातला वाटा निम्म्याच्या खूप खाली राहिला. डिसेंबर 2010 मध्ये शहराने नवा वटहुकूम केला आणि मार्च 2011 पासून तो लागू झाला. आता 20 टक्के तास स्थानिकांचे हे बंधन, दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढणारं. अप्रेंटिसांच्या तासांपैकी निम्मे स्थानिकांचे. जितके तास कमी पडतील, तितक्या तासांची त्या धंद्याची मजुरी दंड म्हणून भरायची.

त्यातली सर्वांत हुशार गोष्ट म्हणजे हे प्रमाण प्रत्येक धंद्यात वेगळं मोजायचं होतं. का, ते लक्षात घ्या. एकूण तासांवर टक्केवारी ठेवली तर सगळे स्थानिक बिगारीकामाला लावून आकडा गाठता येतो आणि इलेक्ट्रिशियन, प्लंबर, लिफ्ट बसवणारे हे चांगल्या मजुरीचे धंदे होते तसेच राहतात. धंदेवार मोजलं की ती पळवाट बंद. आपण संशोधनात याला उपगटांचं विश्लेषण म्हणतो. इथे ते कायद्यातच लिहिलं होतं.

पहिल्या वर्षी शहराच्या अहवालात 20 टक्क्यांहून बराच जास्त वाटा दिसला. पुढे ही वार्षिक वाढ 30 टक्क्यांवर थांबवली गेली, तो वेगळा विषय. शेजारच्या सॅन मॅटिओ काउंटीनेही जोरदार हरकत घेतली होती, कारण विमानतळ शहराच्या मालकीचा पण उभा त्यांच्या हद्दीत. तुमचा स्थानिक तो आमचा परका, हे भांडण कुठेही चुकत नाही.

धोरण म्हणून हे 'प्रामाणिक प्रयत्नां'पेक्षा खूपच पुढचं पाऊल आहे, यात मला शंका नाही. आता पुरावा म्हणून तपासू.

तीस हजार तासांचं कोडं

समजा एका प्रकल्पावर एकूण 1,00,000 तासांचं काम झालं आणि त्यातले 30,000 तास स्थानिकांनी केले. म्हणजे 30 टक्के. (आकडे माझे, समजण्यापुरते.)

पहिली शक्यता: 15 माणसांनी प्रत्येकी 2,000 तास केले. म्हणजे साधारण वर्षभराचं पूर्णवेळ काम. त्यातला एखादा पहिल्या वर्षाचा अप्रेंटिस असेल तर त्याची एक पायरी पुरी झाली.

दुसरी शक्यता: 100 माणसांनी प्रत्येकी 300 तास केले. दीड-दोन महिने काम, मग घरी. इलेक्ट्रिशियनच्या पाच वर्षांच्या अप्रेंटिसशिपमध्ये प्रत्यक्ष कामाचे सुमारे 8,000 तास लागतात. 300 तास म्हणजे त्यातले चार टक्केसुद्धा नाहीत.

अहवालात दोन्ही ठिकाणी एकच आकडा छापला जाईल: 30. तास हे बेरजेचं एकक आहे. कुठल्याही माणसाचा तास दुसऱ्या कुठल्याही माणसाच्या तासात मिळवता येतो, म्हणून तर हिशेबनीसाला ते आवडतं. करिअर अशी बेरीज करून होत नाही. एकाच माणसाने सलग टिकून राहिलं तरच ती होते. दोन गोष्टींचं गणितच वेगळं आहे. मोजलेली गोष्ट आणि दावा केलेली गोष्ट एकच आहे का, या प्रश्नाला पद्धतीशास्त्रात कन्स्ट्रक्ट व्हॅलिडिटी म्हणतात. नेटच्या पेपर एकमध्ये व्याख्या पाठ करतो ना, तीच ही.

तिसरी शक्यता अजून त्रासदायक आहे. कंत्राटदाराकडे आधीपासून शहरात राहणारे 15 पक्के कारागीर आहेत, जे दुसऱ्या खासगी साइटवर काम करतायत. अट आली, त्याने त्यांना इथे आणलं आणि इथले बाहेरगावचे तिकडे पाठवले. सोंगट्या फक्त घरं बदलून बसल्या. तिथल्या लोकांनी या प्रकाराला बुद्धिबळाच्या पटावरूनच नाव दिलंय, चेकरबोर्डिंग. आकडा 30 आणि नव्याने आत आलेली माणसं शून्य. प्रकल्पापुरत्या पगारपत्रकांतून हे पकडता येतच नाही, कारण दुसरी साइट त्या नोंदीत नसते.

तुलना कशाशी?

समर्थकांच्या अहवालांत दुसरी एक जागा नेहमी पोकळ असते. 'कराराखाली कामगारांना चांगली मजुरी मिळाली' असं वाक्य हमखास येतं. पण 1931 च्या डेव्हिस-बेकन कायद्यापासून केंद्राच्या पैशातल्या बांधकामावर त्या भागातली प्रचलित मजुरी द्यावीच लागते, आणि कॅलिफोर्नियात राज्याचा स्वतःचा तसाच कायदा आहे. म्हणजे सरकारी कामावर करार नसता तरी मजुरी मोठ्या प्रमाणात तीच असती. कराराचं श्रेय किती आणि कायद्याचं किती, हे वेगळं काढायला हवं.

अप्रेंटिसांचंही तेच. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे सरकारी कामांवर जर्नीमनच्या दर पाच तासांमागे अप्रेंटिसचा किमान एक तास असावा लागतो. पाचास एक म्हणजे एकूण सहातला एक, म्हणजे 16.7 टक्के. मेट्रोच्या कराराचं उद्दिष्ट 20 टक्के. म्हणजे कागदावर कराराने घातलेली भर सव्वातीन टक्क्यांच्या आसपास! अहवाल वाचताना मात्र वाटतं की वीसच्या वीस टक्के कराराने आणले.

इथे लगेच उत्साहात येऊ नका. मी आले होते. कायद्यात 16.7 असणं आणि साइटवर 16.7 असणं यात फरक आहे. कायदा पाळलाच जात नसेल आणि करारामुळे रोज तपासणी करणारा माणूस साइटवर आला असेल, तर कराराची खरी भर जास्तही असू शकते. पण ते दाखवायचं तर करार नसलेल्या तशाच सरकारी कामांवर अप्रेंटिसांचे तास किती भरले, हा कॉलम लागेल. शून्याशी तुलना करून चालणार नाही.

विरोधकांचा तक्ता

विरोधकांना करिअरमध्ये रसच नाही, त्यांना खर्च मोजायचा असतो. तिथलं वाचनही शिकण्यासारखं आहे.

2003 मध्ये बॉस्टनच्या सफोक विद्यापीठातल्या बीकन हिल इन्स्टिट्यूटने मॅसॅच्युसेट्सच्या शाळांच्या बांधकामांची तुलना केली आणि प्रकल्प-करारामुळे खर्च सुमारे 14 टक्क्यांनी वाढतो असा निष्कर्ष काढला. हा आकडा अजूनही फिरतोय. 2010 मध्ये डेल बेलमन आणि सहकाऱ्यांनी त्याच राज्यातल्या शाळा घेतल्या, पण इमारतींची वैशिष्ट्यं जास्त तपशिलात धरली. तेव्हा कराराचा वेगळा असा सांख्यिकीय परिणाम उरला नाही. करार ज्या शाळांना लावले जातात त्या मुळातच वेगळ्या असतात: शहरातल्या, गुंतागुंतीच्या, महाग. खर्च आधीच जास्त होता, करार नंतर आला. कन्फाउंडर शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मग 2021 मध्ये रँडच्या जेसन वॉर्ड यांचा अभ्यास आला आणि तो सहज बाजूला सारता येत नाही. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी 2016 मध्ये बेघरांच्या घरांसाठी 1.2 अब्ज डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. त्या पैशातल्या 65 किंवा जास्त घरांच्या प्रकल्पांना प्रकल्प-करार सक्तीचा होता. नियमाने एक धारदार रेषा आखून दिली, आणि वॉर्ड यांनी दाखवलं की प्रकल्पांची गर्दी रेषेच्या जरा खालीच जमलीय. विकासक मुद्दाम लहान प्रकल्प करत होते. करारामुळे बांधकामखर्च सुमारे 14.5 टक्के वाढला, असा त्यांचा अंदाज.

हा अभ्यास मला हुशार वाटतो, कारण माणसांच्या वागण्यातून त्याने पुरावा काढला. करार फुकट असता तर कुणी 65 ला टाळलं नसतं. तरी दोन प्रश्न विचारा. एक, रेषेच्या खाली स्वतःहून सरकणारे विकासक आणि वर राहणारे विकासक एकसारखे आहेत का? नसतील तर दोन बाजूंची तुलना पुन्हा जपून करावी लागेल. दोन, त्या जादा खर्चाच्या बदल्यात काही मिळालं का? एखाद्या तुरुंगातून सुटलेल्या माणसाला पक्का धंदा मिळाला असेल तर त्याची किंमत त्या हिशेबात कुठे धरायची? त्या तक्त्यात ती जागा नाही.

म्हणजे बघा, एक बाजू तास मोजते, दुसरी बाजू डॉलर मोजते आणि दोघं एकमेकांवर ओरडतात. ज्या गोष्टीच्या नावाने सगळं चाललंय, ती दोघांच्याही तक्त्यात नाही.

मग मोजायचं कसं?

अशक्य आहे का? नाही. 2003 मध्येच जिहान बिल्गिनसॉय यांनी अमेरिकेतल्या बांधकाम अप्रेंटिसांच्या 1989 ते 1995 च्या नोंदी घेऊन कोण टिकतं आणि कोण गळतं याचा अभ्यास केला. माझ्यासारख्या संख्याशास्त्रातून आलेल्यांना तो घरचाच वाटेल, कारण पद्धत सर्व्हायव्हल अॅनालिसिसची आहे. प्रत्येक अप्रेंटिसचं घड्याळ प्रवेशाच्या दिवशी सुरू होतं आणि दोनपैकी एक घटना घडते: पुरी करणं किंवा सोडून जाणं. अभ्यास संपेपर्यंत जे अजून शिकतच आहेत त्यांना टाकून द्यायचं नाही, 'इतके दिवस तरी टिकले' एवढी माहिती त्यांच्याकडूनही घ्यायची.

निष्कर्ष दोन्ही बाजूंना बोचणारे आहेत. संघटना आणि कंत्राटदार मिळून चालवतात त्या कार्यक्रमांत पुरं करण्याचं प्रमाण जास्त, फक्त कंत्राटदार चालवतात तिथे गळती जास्त. म्हणजे करार ज्या रस्त्यावर माणूस नेऊन सोडतो, तो रस्ता दुसऱ्यापेक्षा बरा आहे. पण स्त्रिया आणि अल्पसंख्याक यांचं पुरं करण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी. म्हणजे ज्यांच्यासाठी दार उघडायचं, तेच अर्ध्या वाटेवर जास्त गळतात. दारात किती आले एवढंच मोजत राहिलो तर हे कधी दिसणारच नाही.

मला जो अभ्यास वाचायचा आहे तो असा. प्रकल्पाच्या पगारपत्रकांतून कराराखाली पहिल्यांदा कामाला लागलेले अप्रेंटिस शोधायचे. त्यांना राज्याच्या अप्रेंटिस नोंदणीशी जोडायचं. मग विचारायचं: हा प्रकल्प संपल्यावर यांना पुढचं काम किती दिवसांनी मिळालं? मध्ये किती महिने घरी बसले? पाच वर्षांनी जर्नीमन कोण झालं? आणि त्याच साली त्याच धंद्यात कराराबाहेरच्या कामावर लागलेल्यांचं काय झालं? यातल्या बऱ्याच नोंदी वेगवेगळ्या कार्यालयांत ठेवल्या जातातच. पगारपत्रकं प्रकल्पाच्या मालकाकडे, प्रवेश आणि पूर्तता राज्याकडे, पाळीची यादी संघटनेच्या हॉलमध्ये. अडचण त्या एकत्र आणण्याची आहे, आणि एकत्र न येण्यात कुणाची तरी सोयही असते. 30 टक्के हा आकडा दर महिन्याला सभेत सांगता येतो. 'पाच वर्षांनी सांगू' हे कोण ऐकून घेणार?

तुमच्या रिव्ह्यूसाठी

मी आता कुठलाही मूल्यमापन अहवाल हातात घेतला की प्रस्तावना शेवटी वाचते. आधी तक्ते. प्रत्येक तक्त्याच्या वर पेन्सिलीने लिहिते: यात एक ओळ म्हणजे काय? एक माणूस, एक तास, एक प्रकल्प की एक महिना? मग छेदात काय आहे ते बघते. मग गोषवाऱ्यातला सर्वांत मोठा शब्द घेऊन तो कुठल्या कॉलमवर उभा आहे ते शोधते. सापडला नाही तर तो शब्द माझ्या वाक्यात येत नाही, अहवाल कितीही आपल्या बाजूचा असला तरी.

याचा अर्थ धोरण फसलं असा नाही, हे परत सांगते. 'परिणाम दिसला नाही' आणि 'परिणाम बघितला नाही' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि व्हायव्हामध्ये पहिलं खोदकाम तिथेच होतं. शिवाय हा फक्त व्हायव्हाचा प्रश्न नाही. 300 तास करून घरी परत गेलेल्या माणसाचं नाव यशाच्या आकड्यात कायम राहतं. तो आकडा चांगला असल्यामुळे त्याची पुढची विचारपूस करायची गरज कुणालाच वाटत नाही. ढिल्या मोजमापाची किंमत शेवटी तो भरतो.

माझ्या सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे: 'काही अमेरिकी शहरांत बंधनकारक अटी आल्यावर सरकारी बांधकामांवरील तासांत स्थानिक रहिवाशांचा नोंदवलेला वाटा वाढला, या कामगारांनी अप्रेंटिसशिप पुरी केली का, याचा मागोवा मी वाचलेल्या अहवालांत घेतलेला नाही.' पहिल्यापेक्षा लांब, आणि वाचायला अजिबात गोड नाही. गाइडनी त्यावर काही गोल केला नाही. फक्त दुसऱ्या अर्ध्या भागाखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'हाच तुझा प्रश्न.'